जुने उभे स्पीकर आणि आपली खोली

ध्वनियंत्रांविषयी या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे जमिनीवर उभ्या राहणाऱ्या जुन्या, मोठ्या स्पीकरविषयी आहेत. घरातल्या वडीलधाऱ्यांनी हौसेने घेतलेल्या जोड्या आता पुढच्या पिढीकडे येत आहेत, तर काही वाचक तशा जोड्या मुद्दाम शोधून विकत घेत आहेत. दोन्ही गोष्टींचा मला मनापासून आनंद आहे. मात्र जवळजवळ प्रत्येक पत्रात स्पीकरचे वर्णन पानभर आणि खोलीचे वर्णन एका ओळीत असते, आणि काही पत्रांत तर खोलीचा उल्लेखच नसतो. माझ्या अनुभवात हा क्रम उलटा हवा. पहिल्या वाचकांनी खोलीची मापे नीट लिहून पाठवली आहेत, म्हणून त्यांच्या पत्राला सविस्तर उत्तर देत आहे.

प्रश्न : आमच्या जुन्या घरातील बैठकीची खोली १२ फूट रुंद, १५ फूट लांब आणि १० फूट उंच आहे. जमीन मोझॅकच्या फरशीची असून भिंती साध्या गिलाव्याच्या आहेत. मी मुख्यतः ख्यालगायन आणि नाट्यसंगीत तबकड्यांवरून ऐकतो. अ‍ॅम्प्लिफायर ४० वॅटचा आहे. पुण्यातील एका नातेवाइकांकडे टॅनॉय आर्डेन आणि सेलेशन डिटन ६६ अशा दोन जोड्या आहेत आणि त्यांपैकी कोणतीही एक ते मला देण्यास तयार आहेत. कोणती घ्यावी आणि ती खोलीत कोठे ठेवावी?
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : आपल्यासमोर दोन उत्तम गोष्टींतून एक निवडण्याचा प्रश्न आहे. दोन्ही स्पीकर ब्रिटनमधले आणि १९७० च्या दशकातले असले, तरी त्यांच्या रचनेमागचा विचार वेगवेगळा आहे. मात्र त्यांच्याकडे वळण्यापूर्वी आपल्या खोलीकडे पाहू.

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ध्वनीची लहर मागेपुढे आपटत राहते. ज्या स्वराच्या लहरीची अर्धी लांबी भिंतींमधल्या अंतराइतकी असते, तो स्वर खोलीत गरजेपेक्षा मोठा ऐकू येतो आणि वाद्य थांबल्यावरही रेंगाळतो. यालाच आपण ‘आवाज घुमतो’ असे म्हणतो. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४५ मीटर धरला, तर आपल्या खोलीच्या १५ फूट लांबीमुळे ३८ हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला ३८ कंपनांच्या), १२ फूट रुंदीमुळे ४७ हर्ट्झच्या आणि १० फूट उंचीमुळे ५७ हर्ट्झच्या आसपास आवाज घुमेल. या आकड्यांच्या दुपटीलाही, म्हणजे लांबीमुळे ७५ हर्ट्झला आणि रुंदीमुळे ९४ हर्ट्झला, तोच प्रकार थोड्या कमी प्रमाणात होईल. तिन्ही आकडे एकमेकांपासून वेगळे आहेत, ही आपल्या खोलीची जमेची बाजू आहे.

आता आपण जे संगीत ऐकता त्याच्याशी हे आकडे ताडून पाहा. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज १३९ हर्ट्झच्या आसपास असतो. त्याच्या तंबोऱ्याच्या जोडाच्या तारा त्याच स्वरात आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झच्या आसपास लावलेली असते. ख्यालाच्या मैफलीत सतत वाजणारा सर्वांत खालचा स्वर बहुधा हाच. ६९ हर्ट्झ हा आकडा आपल्या खोलीच्या ५७ आणि ७५ यांच्या मध्ये पडतो, म्हणजे खोली त्याला फारशी फुगवणार नाही आणि दाबणारही नाही. याचा सरळ अर्थ असा की, ३० हर्ट्झपर्यंत खोल उतरणाऱ्या स्पीकरची आपल्याला गरज नाही. उलट तसा स्पीकर या खोलीत ३८ हर्ट्झचे घुमणे जागे करील. तबकडी जराशी वाकडी असली तर तिच्या हेलकाव्याने वूफर, म्हणजे स्पीकरमधले खालच्या स्वरांचे युनिट, मागेपुढे डोलत राहील, आणि त्या डोलण्याने गाण्याचा स्वच्छपणा कमी होईल.

टॅनॉयच्या आर्डेनमध्ये १५ इंची ‘ड्युअल कॉन्सेंट्रिक’ युनिट आहे. टॅनॉयने ही रचना १९४७ साली प्रथम पुढे आणली. तिच्यात ट्विटर, म्हणजे वरच्या स्वरांचे युनिट, वूफरच्या मध्यभागी, मागच्या बाजूस बसवलेला असतो आणि वूफरचा कोन, म्हणजे त्याचा शंकूसारखा पडदा, हाच ट्विटरच्या भोंग्याचा पुढचा भाग होतो. त्यामुळे खालचे आणि वरचे स्वर एकाच बिंदूतून आल्यासारखे वाटतात, आणि जवळ बसून ऐकले तरी गळा दुभंगत नाही. गायन ऐकणाऱ्याला ही मोठी देणगी आहे. पण आर्डेनची पेटी सुमारे १ मीटर उंच आणि अर्ध्या मीटरहून बरीच अधिक रुंद आहे. १२ फुटांच्या भिंतीशी अशा दोन पेट्या ठेवल्या की त्या कोपऱ्यांकडेच सरकतात, आणि कोपऱ्यात गेलेला स्पीकर खोलीचे सारे घुमणे एकदम जागे करतो. दुसरी अडचण सराउंडची, म्हणजे कोनाच्या कडेला असलेल्या लवचीक वळीची. आर्डेनमधल्या युनिटची ही वळी फोमची असते. आपल्याकडच्या हवेत हा फोम १५-२० वर्षांत कुजतो, म्हणजे ती एकदा बदलून घ्यावी लागली असेल किंवा आपल्याला बदलून घ्यावी लागेल.

डिटन ६६ हा तितकाच उंच पण बराच अरुंद, साधारण ३८ सेंटीमीटर रुंदीचा खांब आहे. त्यात १२ इंची वूफर, घुमटाकार मध्यस्वराचे युनिट, ट्विटर आणि त्यांच्या जोडीला आणखी एक १२ इंची कोन असतो. या दुसऱ्या कोनाला व्हॉइस कॉइल, म्हणजे कोन हलवणारी तारेची गुंडाळी, नसते; तो वूफरने दाबलेल्या पेटीतल्या हवेवर हलतो आणि खालच्या स्वरांना हातभार लावतो. सर्व युनिटे एका उभ्या रेषेत असल्याने त्यांचे स्वर एकत्र मिसळायला सात-साडेसात फुटांचे अंतर पुरते. मध्यस्वराच्या त्या घुमटातून माणसाचा आवाज इतका मोकळा येतो की, नाट्यपदातली जागा घेताना गायकाने मध्येच घेतलेला श्वास वेगळा ऐकू येतो. आपल्या खोलीसाठी मी डिटनची जोडी घेईन. खोली १५ फुटांऐवजी २० फूट लांब आणि १५ फूट रुंद असती, तर माझे मत आर्डेनच्या बाजूने गेले असते.

आता मांडणी. स्पीकर १२ फुटांच्या भिंतीकडे ठेवा. दोन्ही वूफरच्या केंद्रांमध्ये ७ फूट अंतर असू द्या, म्हणजे बाजूच्या भिंतींपासून प्रत्येकी अडीच फूट राहील. स्पीकरच्या मागच्या भिंतीपासून वूफरच्या पुढच्या तोंडापर्यंत ३ फूट ठेवा. हा ३ फुटांचा आकडा मी सहज लिहिलेला नाही. स्पीकरमधून थेट येणारा ध्वनी आणि मागच्या भिंतीवर आपटून परतणारा ध्वनी एका विशिष्ट स्वराला एकमेकांना मारतात. भिंतीपर्यंतचे अंतर त्या स्वराच्या लहरीच्या चौथ्या हिश्शाइतके असते. अमेरिकी अभियंता रॉय अ‍ॅलिसन यांनी १९७० च्या दशकात या परिणामाचा बारकाईने अभ्यास केला आणि भिंतीला टेकवूनच ठेवायचे स्पीकर बनवले. आपल्या खोलीत अंतर ४ फूट ठेवले, तर हा खड्डा ७० हर्ट्झच्या आसपास पडेल, म्हणजे नेमका खर्जाच्या तारेवर. तंबोरा पोकळ वाटू लागेल आणि दोष स्पीकरला दिला जाईल. अंतर ३ फूट ठेवले तर खड्डा ९४ हर्ट्झकडे सरकतो. तेथे गायक मंद्र मध्यमापर्यंत उतरला तरच तो जाणवेल, आणि तंबोरा शाबूत राहील. आपण काळी एकऐवजी प्रामुख्याने गायिकांच्या पट्टीतले गाणे ऐकत असाल, तर एवढ्या नेमकेपणाची गरज नाही.

बसण्याची जागा आपल्या पाठीमागच्या, म्हणजे स्पीकरसमोरच्या भिंतीपासून साडेपाच फुटांवर असावी. आपल्याकडे सोफा भिंतीला चिकटवून ठेवण्याची पद्धत आहे. बैठकीसाठी ती सोयीची असली, तरी ऐकण्यासाठी तीच सर्वांत वाईट जागा आहे, कारण प्रत्येक घुमणारा स्वर भिंतीपाशी सर्वांत मोठा असतो. खोलीच्या बरोबर मध्यावर बसलात, तर ३८ हर्ट्झचा स्वर जवळजवळ नाहीसा होतो. साडेपाच फुटांची जागा या दोहोंच्या मधली आहे. वेताची एक खुर्ची ऐकण्यापुरती पुढे ओढून घेता आली तरी पुरे.

मोझॅकची फरशी आणि उघड्या भिंती यांचा प्रश्न वेगळा आहे. खोलीच्या मध्ये उभे राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे झिणझिणल्यासारखा, पत्र्यावर खडे पडल्यासारखा आवाज आला, तर तो भिंतीभिंतींत अडकलेला वरच्या स्वरांचा प्रतिध्वनी आहे. स्पीकर आणि खुर्ची यांच्या मध्ये जाड सतरंजी अंथरा, बाजूच्या एका भिंतीला पुस्तकांचे उघडे कपाट ठेवा, खिडकीला जाड पडदा लावा आणि पुन्हा टाळी वाजवून पाहा. या उपायांनी वरचा गोंगाट जातो, खालचे घुमणे मात्र जात नाही. ३८ हर्ट्झची लहर ९ मीटर लांब असते आणि चार इंची कापसाची गादी तिला अडवू शकत नाही. तेथे जागा बदलणे हाच उपाय. अ‍ॅम्प्लिफायरची काळजी करू नये. साडेसात फुटांवरून गाणे ऐकण्यासाठी ४० वॅट भरपूर आहेत.

प्रश्न : आमचे घर जुन्या वाड्यातले असून वरच्या माडीची जमीन सागवानी फळ्यांची आहे. वडिलांनी सुमारे ४० वर्षांपूर्वी घेतलेले दोन उभे स्पीकर तेथेच आहेत. त्यांवरची नावपट्टी निघून गेली आहे. जाळीचे कापड काढून पाहिले, तेव्हा १० इंची वूफरच्या कडेचा काळा भाग बोट लावताच भुगा होऊन पडला. एक कारागीर म्हणतात, हे टाकून द्या आणि नवे घ्या. वडिलांची आठवण म्हणून ते ठेवावेत असे मला वाटते, पण केवळ शोभेसाठी ठेवण्याची इच्छा नाही. काय करावे?
— एक वाचिका, महाल

उत्तर : ताई, ते टाकू नका. जो भाग भुगा होऊन पडला तो फोमचा सराउंड आहे, आणि स्पीकरमधला सर्वांत आधी मरणारा आणि सर्वांत सहज बदलता येणारा भाग तोच. उष्णता, दमट हवा आणि सूर्यप्रकाश या तिन्हींनी हा फोम कुजतो, आणि आपल्या नागपुरात तिन्हींची कमतरता नाही. मी स्वतः हाताळलेल्या जुन्या जोड्यांत फोमचे मूळ सराउंड शाबूत असलेली एकही जोडी आठवत नाही. उलट रबराचे आणि डांबरी लेप दिलेल्या कापडाचे सराउंड चाळीस-पन्नास वर्षांनंतरही जसेच्या तसे सापडतात.

मात्र खर्च करण्यापूर्वी घरच्या घरी तीन गोष्टी पाहून घ्या. पहिली गोष्ट म्हणजे, वूफरच्या कोनावर मधल्या टोपीच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून तो अगदी हलक्या हाताने, सरळ आत दाबा. आतून खरखर किंवा घासल्याचा आवाज आला, तर व्हॉइस कॉइल वाकडी झाली आहे किंवा तिच्या फटीत भुगा शिरला आहे. मग काम वाढते, पण तेही होण्यासारखे असते. दुसरी गोष्ट म्हणजे, वूफरच्या तारा सोडवून मल्टिमीटरने त्याचा रोध मोजा. ८ ओहमच्या वूफरला साधारण साडेपाच ते सात ओहम दिसायला हवेत. मीटर काहीच दाखवत नसेल, तर कॉइल तुटलेली आहे. तिसरी गोष्ट म्हणजे, पेटीच्या भोकातून टॉर्च मारून आत पाहा. वाड्यातल्या माडीवर ठेवलेल्या पेटीत उंदराचे घरटे सापडणे नवलाचे नाही. उंदीर आतला कापूस आणि तारा दोन्ही कुरतडतात. पेटीच्या तळाला मातीचे बारीक बोगदे दिसले तर ती वाळवी आहे, आणि ती सागवानी जमिनीतही गेली आहे का, हे आधी तपासायला हवे.

या तिन्हींत ठीक निघाले, तर सराउंड बदलून घ्या. कारागिराला एक गोष्ट स्पष्ट सांगा : जेथे फोम होता तेथे फोमच लावावा, टिकाऊ म्हणून रबर लावू नये. रबर जड आणि कडक असते. त्याने वूफरची मूळ चाल बदलते आणि ज्या पेटीसाठी तो वूफर बेतला होता तिच्याशी त्याचे जुळत नाही. जुना फोम आणि जुना गोंद कोनाच्या कडेवरून पूर्ण खरवडून काढायला हवा. त्या कामाला धीर लागतो, आणि घाईने केलेले काम तेथेच ओळखू येते. नवा सराउंड चिकटवताना कॉइल फटीच्या बरोबर मध्ये राहील याची खात्री करून घ्यावी. गोंद वाळल्यावर कोन पुन्हा अंगठ्यांनी दाबून पाहावा.

त्याच वेळी आतल्या क्रॉसओव्हरमधले, म्हणजे खालचे आणि वरचे स्वर वेगवेगळ्या युनिटांना वाटून देणाऱ्या मंडलातले, इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरही बदलून घ्या. चाळीस वर्षांत ते वाळतात, त्यांचे मूल्य सरकते आणि ट्विटरचा आवाज मंद किंवा कर्कश होतो. कॅपॅसिटर बायपोलर जातीचे आणि त्याच मायक्रोफॅरडचे असावेत. अ‍ॅम्प्लिफायरच्या पॉवर सप्लायमधले साधे, एका दिशेचे कॅपॅसिटर येथे चालत नाहीत.

आणि फळ्यांच्या जमिनीविषयी. लाकडी माडी तबल्याच्या कातड्यासारखी थरथरते. डग्गा वाजला की जमीनही आपला स्वर मिसळते. प्रत्येक स्पीकरखाली दीड फूट चौरस शहाबादी फरशी ठेवा, फरशीखाली चार कोपऱ्यांना जाड रबराचे तुकडे द्या आणि शक्य असेल तर स्पीकर तुळईच्या जवळ आणा, दोन तुळयांच्या मधल्या लवचीक भागावर नको. वाड्याच्या माडीवर लाकडी छत आणि मातीच्या जाड भिंती असतात. मला विचाराल, तर ऐकण्यासाठी ती सिमेंटच्या चौकोनी खोलीपेक्षा कितीतरी चांगली जागा आहे. आपण नशीबवान आहात.

प्रश्न : माझ्या फ्लॅटमधली खोली १० फूट बाय ११ फूट आणि १० फूट उंच आहे. माझ्याकडे ८ वॅटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर आहे. त्याच्यासाठी जुने क्लिप्शहॉर्न घेण्याचा विचार आहे, कारण कमी वॅटवर ते मोठे वाजतात असे वाचले. योग्य आहे का?
— एक वाचक, मनीषनगर

उत्तर : क्लिप्शहॉर्नविषयी आपण वाचलेले खरे आहे, पण आपली खोली त्यासाठी नाही. पॉल क्लिप्श यांचा हा स्पीकर १९४६ पासून बनतो आहे. तो खोलीच्या कोपऱ्यात बसतो आणि कोपऱ्याच्या दोन भिंतींनाच आपल्या भोंग्याचा पुढचा भाग बनवतो. त्यासाठी दोन मोकळे, भक्कम कोपरे आणि त्यांच्यात व ऐकणाऱ्यात मोठे अंतर लागते. आपल्या खोलीत समोर बसलेल्या माणसाला दोन भोंग्यांच्या तोंडात बसल्यासारखे वाटेल. शिवाय आपल्या खोलीची रुंदी आणि उंची दोन्ही १० फूट असल्याने ५७ हर्ट्झला दोन बाजूंनी घुमणे होईल आणि ११ फुटांमुळे ५१ हर्ट्झला तिसरे. तिन्ही जवळजवळ एकाच जागी जमा होतात. अशा खोलीत खोल उतरणारा कोणताही स्पीकर सुखाने वाजणार नाही.

८ वॅटसाठी कार्यक्षम स्पीकर हवा, हा आपला विचार मात्र अगदी बरोबर आहे. १ वॅटवर १ मीटर अंतरावर ८६ डेसिबल देणाऱ्या स्पीकरला जेथे ८० वॅट लागतात, तेथे ९६ डेसिबलच्या स्पीकरला ८ वॅट पुरतात. त्याच क्लिप्श यांचा १९५७ सालचा ‘हेरेसी’ पाहा. तो दोन क्लिप्शहॉर्नच्या मधल्या जागेसाठी बनवला होता. तिरप्या पायावर जमिनीवर ठेवायचा हा छोटा खोका सुमारे ९६ डेसिबल देतो. मूळ हेरेसी बंद पेटीचा असल्याने त्याचा खालचा स्वर हळूहळू उतरत जातो, आणि लहान खोलीच्या भिंती त्याला जेवढा आधार देतात तेवढ्यावर तो भरून निघतो. आपल्याला उंच खांबाची हौस असेल, तर ती खोली बदलेपर्यंत थांबवावी, असे मी आग्रहाने सांगेन.

प्रश्न : उन्हाळ्यात कूलर चालू असताना जुने स्पीकर त्याच खोलीत ठेवावेत का?
— एक वाचक, बजाजनगर

उत्तर : ठेवावेत, पण कूलरच्या झोतात नकोत. खिडकीतला कूलर एप्रिल ते जून रोज कित्येक तास ओली हवा आत ढकलतो. ती हवा थेट कागदी कोनावर आली, तर कोन ओलावा शोषून जड आणि मऊ होतो. पेटी भुशाच्या दाबलेल्या फळीची असेल, तर तिच्या खालच्या कडा फुगतात आणि वरचा सागवानी किंवा अक्रोडाचा पातळ थर सुटू लागतो. स्पीकर कूलरच्या विरुद्ध भिंतीलाही नकोत, बाजूच्या भिंतीला असावेत. खिडकी अर्धवट उघडी ठेवावी, म्हणजे ओल साचणार नाही. पावसाळ्यात आठवड्यातून दोन-तीनदा तरी स्पीकर तासभर वाजवावेत. बंद पडून राहिलेल्या जोडीला बुरशी लवकर धरते. आणि ऐकणे पहाटे, कूलर बंद करून. विलंबित ख्यालातली शांतता कूलरच्या घरघरीत ऐकू येत नाही.

प्रश्न : एका विक्रेत्याने मला अमेरिकी बनावटीच्या जुन्या उभ्या स्पीकरची जोडी दाखवली. तो म्हणतो, चुंबक अल्निकोचे आहेत म्हणून किंमत जास्त आहे. घ्यावी का, आणि जोडी खरी आहे हे कसे ओळखावे?
— एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : चुंबक अल्निकोचे आहेत एवढ्यावर जास्त पैसे देऊ नका. अल्निको हा चुंबकाचा मिश्रधातू आहे आणि त्यात कोबाल्ट असते. १९७० च्या दशकाच्या शेवटी झाईरमधल्या (आजच्या काँगोतल्या) अशांततेमुळे कोबाल्ट महाग आणि दुर्मीळ झाले, तेव्हा अनेक कंपन्या फेराइटच्या चुंबकांकडे वळल्या. त्यामुळे अल्निको म्हणजे बहुधा त्याआधीचे युनिट, इतकेच त्यावरून कळते. उलट अल्निकोच्या वूफरला कोणी फार जोराने वाजवले असेल, तर त्याचे चुंबकत्व उतरलेले असू शकते. फेराइटला तो धोका फारसा नसतो.

जोडीविषयी माझा स्वतःचा अनुभव सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका विक्रेत्याकडून एक जोडी घेतली. पेट्या एकसारख्या, जाळ्या नव्या, आणि वाजतही छान होत्या. घरी आणल्यावर महिनाभर गायिकेचा आवाज मधोमध न येता डावीकडे ओढल्यासारखा येत राहिला. खोलीत मी सर्व काही बदलून पाहिले. शेवटी जाळ्या काढून वूफर बाहेर काढले, तेव्हा एकाचा रोध साडेसहा ओहम आणि दुसऱ्याचा साडेतीन निघाला. कोणीतरी एक जळालेला वूफर काढून त्याच्या जागी दिसायला सारखा पण वेगळाच वूफर बसवला होता. त्या बदललेल्या वूफरच्या पत्र्याच्या चौकटीवर जुन्या स्क्रूंच्या खुणा आणि नव्या स्क्रूंची भोके शेजारीशेजारी होती. जाळी काढून एकदा पाहिले असते, तर ती मला दुकानातच दिसली असती.

म्हणून जाताना मल्टिमीटर, स्क्रूड्रायव्हर, टॉर्च आणि दीड व्होल्टचा एक सेल सोबत न्या. दोन्ही पेट्यांच्या मागचे क्रमांक वाचा. ते लागोपाठचे असले तर उत्तम, जवळपासचे असले तरी चालतील. जाळ्या काढायला लावा. विक्रेता जाळी काढू देत नसेल, तर तेथून निघा. वूफर, मध्यस्वराचे युनिट आणि ट्विटर यांचा रोध दोन्ही पेट्यांत सारखा आहे का, हे पाहा. मग सेलची धन बाजू वूफरच्या लाल टोकाला क्षणभर लावा. कोन बाहेर यायला हवा. येथे एक सावधगिरी बाळगा : जेबीएल या अमेरिकी कंपनीच्या जुन्या युनिटमध्ये ही खूण उलटी असे, म्हणजे लाल टोकाला धन बाजू लावली की कोन आत जातो. त्यात दोष नाही, दोन्ही वूफर एकाच दिशेला हलले की झाले. एक बाहेर आणि एक आत गेला, तर कोणीतरी दुरुस्तीत तारा उलट जोडल्या आहेत.

शेवटी आपल्याला पाठ असलेली एखादी जुनी मोनो तबकडी सोबत न्या आणि ती दोन्ही स्पीकरवर एकाच वेळी वाजवा. मोनो ध्वनी दोन्ही पेट्यांतून सारखाच निघतो, म्हणून गायक बरोबर मधोमध, हवेत एका ठिकाणी उभा राहायला हवा. तो एका बाजूला सरकला किंवा पसरला, तर अ‍ॅम्प्लिफायरकडच्या डाव्या-उजव्या तारांची अदलाबदल करून तीच तबकडी पुन्हा वाजवा. सरकण्याची बाजू तशीच राहिली, तर दोष स्पीकरमध्ये किंवा त्या दुकानाच्या मांडणीत आहे, आणि मग पेट्यांच्या जागा बदलून पाहावे. बाजू तारांबरोबर पालटली, तर दोष विक्रेत्याच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये किंवा तबकडीवरच्या सुईच्या पिकअपमध्ये आहे आणि त्या जोडीवर विनाकारण ठपका येऊ नये.